तिथी गुणिले पाऊण

फोर बाय फोर गाडीची जाहिरात म्हटली की त्यात बर्फ असायलाच हवा. पांढरेशुभ्र डोंगर, छातीवर येणारा चढ, चाकांखालून उडणारा बर्फाचा भुगा आणि काचेआड एक दाढीवाला देखणा गृहस्थ. याला नोकरी नसावी, कारण भर मंगळवारी तो हिमालयात असतो. जाहिरात पाहून गाडी घेणारा मात्र राहतो कोथरूडला, नाहीतर डोंबिवलीला. त्याच्या आयुष्यात बर्फ दोनच ठिकाणी सापडतो, फ्रीजमध्ये आणि उसाच्या रसात.

महाराष्ट्राच्या वाट्याला जो काही बर्फ आलाय, तो महाबळेश्वरला. आणि तिथेही तो पडत नाही, साकळतो. थंडीतल्या एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या आसपास स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर दव गोठतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘हिमकण’ म्हणून फोटो येतो. तो पाहून पुणेकर आवरून निघेपर्यंत हिमकणांचं पाणी होऊन ते स्ट्रॉबेरीला पोचलेलं असतं. एवढ्या बर्फाला चारही चाकांना ताकद देणारी गाडी कशाला? चमचा पुरे. बरं, जाहिरातीत बर्फ तुडवणारी ती थार बनते कुठे, तर नाशकात. जिथं निफाडचा पारा उतरला की शेतकरी द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसतो.

म्हणजे उरलं मनाली. 3 ऑक्टोबर 2020 ला रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाला आणि नऊ किलोमीटरचं ते भोक पार केलं की पलीकडे लाहौलात सिस्सूला भर हिवाळ्यात गाडीनं जाता येऊ लागलं. तेव्हापासून आपल्याकडच्या मंडळींचं डिसेंबरातलं बस्तान तिकडे हललं. जोराची बर्फवृष्टी झाली की पोलीस नाका लावतात आणि फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडतात. आपला माणूस या नाक्यावरून सोडला गेला की त्याला जे समाधान मिळतं, ते मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यावरही मिळालेलं नसतं. तेवढ्यात शेजारून स्थानिक टॅक्सीवाला जुनीपुराणी अल्टो घेऊन, चाकांना साखळ्या आवळून, मागे पाच माणसं कोंबून, विडी ओढत पुढे निघून जातो. त्याच्याकडे आपला माणूस पाहत नाही. पाहणं परवडणारही नाही. गाडीचे हप्ते अजून चार वर्षं आहेत.

मनालीहून परतताना गाडीच्या मागच्या काचेवर एक स्टिकर आलेला असतो आणि माणसात एक बदल झालेला असतो. तो आता ‘टेरेन’ हा शब्द वापरू लागतो. कोपऱ्यावरून दूध आणायला जातानाही त्याला टेरेन दिसतो. पण ही विद्या वापरायची कुठे? खरं तर मुंबई-गोवा महामार्ग त्याच कामासाठी राखून ठेवला आहे. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं आणि तेव्हापासून कित्येक पावसाळे त्या रस्त्यानं लोकांना फुकट ऑफ-रोडिंग शिकवलं. पण तिथे एसटीही जाते, टेम्पोही जातो आणि गणपतीला येणारा चाकरमानी बायको, मुलं, फणसाएवढी बॅग आणि आजीला घेऊन साध्या हॅचबॅकमधून जातो. जिथून आजी जाते, तिथून जाण्यात पराक्रम तो कसला?

पराक्रमाची भूक अशी पोटात घेऊन ही मंडळी शनिवारी दुपारी आरे-वारेला पोचतात.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रत्नागिरीहून शिरगावमार्गे, किनाऱ्याच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याकडे निघालं की खाडीवरचा पूल ओलांडून आपण आरेला येतो. मग रस्ता डोंगराच्या कडेनं वर चढतो, आणि वरच्या वळणावर एकदम दोन्ही पुळणी दिसतात. अलीकडे आरे, पलीकडे वारे, मधे समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक, पाठीमागे सुरूचं बन. या वळणावर दर गाडी थांबते. नारळपाणी होतं, कोकम सरबत होतं, फोटो होतात. शहाणा माणूस इथेच थांबतो. आमचा बर्फवीर मात्र खाली पाहतो. त्याला समुद्र दिसत नाही. त्याला लांबच लांब, सपाट, मोकळा, टोलनाका नसलेला रस्ता दिसतो.

आता न्यायानं बोलायचं तर वाळू आणि बर्फ हे चुलतभाऊच आहेत, आणि बर्फात गाडी चालवण्याचे जे नियम, तेच बहुतेक वाळूतही चालतात. दोन्हीकडे जमीन गाडीचं वजन पेलायला तयार नसते. म्हणून चाकातली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. आइसलँडमध्ये हिमनद्यांवर गाड्या चालवणारे लोक चव्वेचाळीस इंची टायर लावतात आणि खोल भुसभुशीत बर्फात त्यातली हवा तीन-चार पौंडांवर आणतात. टायर पार बसतो, पण गाडी बर्फावरून तरंगल्यासारखी जाते. याच विद्येवर 2007 साली टोयोटाच्या हायलक्स गाड्या उत्तर चुंबकीय ध्रुवापर्यंत गेल्या. वाळूतही बत्तीसची हवा अठरा-वीसवर आणली तर निम्मं काम झालं. मग गती धरून ठेवायची, ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटक्यानं वळवायचं नाही आणि चाक फिरून फिरून जागच्या जागी खड्डा करू लागलं की ताबडतोब पाय काढायचा.

हे सगळं आपल्या माणसाला ठाऊक असतं. त्यानं याचे व्हिडिओ पाहिलेले असतात. पण हवा काढली की परत भरावी लागते, पंप रत्नागिरीत आणि बायको म्हणते, “अहो, अंधार पडायच्या आत फोटो काढायचेत.” म्हणून हवा बत्तीसच राहते. गाडी बत्तीसवर, माणूस चौसष्टवर.

वाळूचं एक दगाबाज वैशिष्ट्य सांगायला हवं. पुळणीवर सुरूच्या बाजूची कोरडी वाळू भुसभुशीत असते, हे लहान पोरालाही चालताना कळतं. पाण्याच्या बाजूची ओली वाळू मात्र टणक. कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवतं. तिच्यावर पाऊल टाकलं तर पावलाभोवती वाळू क्षणभर कोरडी, फिकट पडते. दाबानं कण विस्कटतात, त्यांच्यातली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञानं 1885 साली याचा उलगडा केला. त्या पट्ट्यावर गाडी अशी पळते की चालवणाऱ्याला आपण नव्या महामार्गावर आहोत असं वाटतं. पण त्याच वाळूत पाणी जरा जास्त झालं, कण पाण्यात पोहू लागले, की तिचा चिखल होतो. टणक आणि पातळ यांच्यातली हद्द एका लाटेची असते. तिथे पाटी लावलेली नसते.

त्यात गाडीच्या पोटातला डिफरन्शियल नावाचा गृहस्थ. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणं हे त्याचं काम, आणि रस्त्यावर ते तो चोख करतो. पण एक चाक वाळूत घसरू लागलं की इंजिन जीव तोडून जे काही देतं, ते सगळं हा त्या घसरणाऱ्या चाकात वाया घालवतो. जे चाक घट्ट जमिनीवर उभं राहून काम करायला तयार आहे, ते स्वस्थ बसतं. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्यांना हे लगेच समजेल. यावर उपाय म्हणून चांगल्या गाड्यांत डिफरन्शियल लॉक असतं, पण ते कुठल्या बटणानं लागतं हे वाचण्यासाठी जे पुस्तक मिळतं, ते घरी पासबुकांच्या खणात असतं.

तर गाडी रुतते. रुतण्याची क्रिया फार शांतपणे होते. आधी वेग मंदावतो. मग चालक ॲक्सिलरेटर दाबतो. मग इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी खाली बसते. मग काच उतरते आणि एक मान बाहेर येऊन चाकाकडे पाहते. जिथे चाक असायला हवं तिथे मडगार्ड असतं.

आणि मग गर्दी. मिनिटापूर्वी रिकाम्या असलेल्या पुळणीवर ही माणसं येतात कुठून, हे कोडं आहे. घोडागाडीवाला येतो, भेळवाला भेळ सोडून येतो, दोन कुटुंबं फोटो अर्धवट टाकून येतात. प्रत्येकाकडे एकेक सल्ला असतो. “रिव्हर्स घ्या.” “रिव्हर्स नको, फर्स्ट टाका.” “डावं कापा.” “मॅट काढा खालची, चाकाखाली टाका.” मॅट टाकली जाते. चाक एक गरका घेतं आणि मॅट मागे उभ्या असलेल्या सल्लागाराच्या छातीवर. पोरं सुरूच्या वाळक्या फांद्या ओढून आणतात, कोणी शेजारच्या वाडीतून नारळाची झावळं आणतं. झावळं हे मात्र खरं औषध आहे. बर्फातले लोक हजारो रुपयांच्या प्लॅस्टिकच्या फळ्या चाकाखाली सारतात, त्यांचं काम चार झावळं फुकट करतात. पण ती आधी आणावी लागतात, चाक बुडाल्यावर नव्हे.

या गोंधळात गावातला एक म्हातारा असतो. अर्धी चड्डी, खांद्यावर टॉवेल. तो सल्ला देत नाही, नुसता पाण्याकडे बघतो. मग सावकाश विचारतो, “साहेब, आज तिथी कोणती?”

“शनिवार,” साहेब म्हणतात.

“वार नाय, तिथी.”

साहेब मोबाइल काढतात. रेंज नसते. साहेबांच्या सासूबाई मागच्या सीटवरून, सबंध प्रवासात पहिल्यांदाच, कामाचं बोलतात, “अष्टमी आहे.”

म्हातारा गाडीकडे एकवार पाहतो. “मग माणसं खाली उतरवा आदी. पाणी भरतंय हा.”

इथे बर्फ आणि समुद्र यांच्यातलं नातं तुटतं. बर्फात रुतलेली गाडी बर्फातच राहते. तुम्ही हीटर लावा, चहा प्या, मदत येईपर्यंत अंताक्षरी खेळा. बर्फ जागचा हलत नाही. आरे-वारेचा समुद्र तुमच्याकडे चालत येतो, आणि कधी येणार हेही आधी सांगून ठेवतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं, जे येईल त्या वाजता पुरी भरती. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, गणित तेच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दर दिवशी सगळं पाऊण तासानं पुढे. मिनिटांचा फरक पडतो, पण गाडी वाचवायला मिनिटं लागत नाहीत, अक्कल लागते.

बाहेरून येणाऱ्या माणसाचं वेळापत्रक सूर्यावर चालतं. त्याला सहा वाजता सूर्यास्त हवा, मागे समुद्र हवा आणि मधे गाडी हवी, तीन चतुर्थांश कोनात. अष्टमीच्या आसपास नेमकी सहाच्या सुमाराला भरती पुरी होत असते. म्हणजे साडेचारला ऐसपैस दिसणारी वाळू फोटोच्या वेळेपर्यंत आवळत आलेली असते. पौर्णिमा-अमावास्येला उलटं. तेव्हा सूर्यास्ताच्या आगेमागे ओहोटी लागलेली असते, पाणी पार लांब गेलेलं असतं, आणि पुळण इतकी रुंद दिसते की विमान उतरवावं. हा मोह सगळ्यांत वाईट. कारण उधाणाचे दिवस असल्यानं जे पाणी लांब गेलंय तेच रात्री सगळ्यांत वरही येणार असतं. शिवाय भरती सारख्या चालीनं चढत नाही. पहिल्या तासात ती नावापुरती हलते, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी येतं. उभं मोजलं तर ते मीटरभर, पण सपाट पुळणीवर तेवढंच पाणी आडवं फार लांब चालतं.

वर्षअखेरचंच उदाहरण घ्या. 2024 सालची 30 डिसेंबर ही सोमवती अमावास्या होती. म्हणजे 31 तारखेला प्रतिपदा, आणि एक गुणिले पाऊण म्हणजे रात्री पाऊण वाजता पुरी भरती, तीही उधाणाची. संध्याकाळी अंधार पडताना वाळू अथांग, आणि बारा वाजता नववर्षाचं स्वागत करायला समुद्र स्वतः हजर. हे कोणत्याही कालदर्शिकेत छापलेलं असतं, घरात भिंतीला ती टांगलेलीही असते, पण तिच्यावर दूधवाल्याचे खाडे लिहिलेले असतात.

गाडीपर्यंत पहिली लाट पोचली की काय होतं, हे अगदी जवळून पाहण्यासारखं असतं. पाणी टायरला वळसा घालून परत जाताना चाकाखालची वाळू अलगद घेऊन जातं. दर लाटेला गाडी बोट-दोन बोटं खाली. कोणी ढकलत नाही, कोणी ओढत नाही, गाडी नुसती बसत जाते. चालकाला आता इंजिन चालू करून निघायची घाई होते, आणि खरं नुकसान तिथेच होतं. हवेच्या वाटेनं पाणी इंजिनात शिरलं की पिस्टन ते दाबायला जातो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि वाकतात ते लोखंडी दांडे. यासाठी विम्यात वेगळं कलम घ्यावं लागतं. ते घेतलं नसेल तर कंपनीचा माणूस फोनवर फार गोड बोलतो.

यानंतर येतो जेसीबी. किंवा ट्रॅक्टर. किंवा सुंभाचा जाड दोर आणि वीसेक खारवी पोरं, जी रोज संध्याकाळी होडी वर ओढतात आणि तिच्यापुढे ही गाडी त्यांना किरकोळ वाटते. रेवदंड्याला तर 2024 च्या अखेरीस याहून मोठी गंमत झाली. एका पर्यटकाची फेरारी पुळणीत रुतली आणि तिला बाहेर काढलं बैलगाडीनं. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. एकीकडे शेकडो अश्वशक्ती, दुसरीकडे दोन बैल. लोक हसले, पण मला त्यात नवल वाटलं नाही. बैलाला चार पाय आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र ताकद आहे, हवा कमी करावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी पुढे दिसलं की बैल थांबतो. नाशकात हे शेवटचं तंत्र अजून गाडीत बसवलेलं नाही.

गाडी वर निघते तेव्हा टाळ्या पडतात. चालक हात हलवतो; जणू गाडी त्यानंच काढली. मग मीठ सुरू होतं. खारं पाणी चासीच्या सांध्यासांध्यात शिरलेलं असतं, आणि आठवड्याभरानं कोथरूडच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक खाली वाकून विचारतो, “कोकणात गेला होता का?”

हे सगळं हसण्यावारी न्यायला मी तयार आहे, दोन गोष्टी सोडून. एक, थंडीत, म्हणजे पर्यटकांच्या गर्दीच्या हंगामातच, रत्नागिरी जिल्ह्याच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासच्या गावकऱ्यांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रबरोबर ती राखली, 2006 पासून त्याचा महोत्सव केला. फूट-दीड फूट वाळूखालच्या त्या घरट्यावरून दोन टनांची गाडी गेली तर ते कळतही नाही, ना गाडीला ना चालकाला. दुसरी गोष्ट माणसांची. पुळणीवर पोरं वाळूचे किल्ले करत असतात, आणि लाटांच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. पोलीस आता किनाऱ्यावर गाडी उतरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवतात, ते काही गावकऱ्यांना मौज बघवत नाही म्हणून नव्हे.

तेव्हा बर्फवीरांना एवढंच सांगणं. मनालीला जरूर जा, तिथल्या अल्टोवाल्याकडून साखळी कशी आवळतात ते शिकून घ्या. आरे-वारेला आलात की गाडी वरच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या आत लावा. तिथून दोन्ही पुळणी एकदम दिसतात आणि गाडीचा फोटोही चांगला येतो. खाली चालत जा. पाण्यात उतरू नका, इथल्या ओढीनं चांगली पोहणारी माणसंही नेली आहेत. आणि निघताना घरातल्या कालदर्शिकेवरची तिथी पाहून या; ते जमत नसेल तर सासूबाईंना बरोबर आणा.